वृक्षमाता म्हणतात आता तुला, हिरा

हिरा, गेल्या आठवड्यात तुझी शोकसभा झाली. शाळेच्या पटांगणात सतरंज्या टाकल्या होत्या. टेबलावर पांढरं कापड होतं, लाऊडस्पीकर होता, उदबत्त्या होत्या. फोटो तेवढा नव्हता. समितीच्या लोकांनी पुष्कळ शोधला म्हणे. वनमहोत्सवाच्या सगळ्या फोटोंत रोप आहे, रोपाशी वाकलेले भाऊसाहेब आहेत आणि कडेला पाण्याचा लोटा धरलेला एक हात आहे. तो हात तुझा. आता हाताला हार कसा घालणार? म्हणून त्यांनी एका रिकाम्या खुर्चीला घातला.

अध्यक्ष भाऊसाहेबच. मोहल्ला सुधार समिती त्यांची, सतरंज्या त्यांच्या, माणसं त्यांची. ते उभे राहिले, टोपी सारखी केली आणि म्हणाले की आज आपण आपल्या वृक्षमातेला मुकलो. एका अशिक्षित आदिवासी भगिनीनं या ओसाड मैदानाचं नंदनवन केलं, असंही म्हणाले. मी मागच्या रांगेत फातमाबीजवळ बसले होते. मी उठते आहे हे तिला कळलं असावं, कारण तिनं माझं मनगट घट्ट धरलं.

तू गोरमाटी, बंजाऱ्यांची. तुझे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलखभर फिरले, हे तू मला भाकऱ्या थापता थापता किती वेळा सांगितलंस. इतकी वर्षं शेजारी राहून, तुझ्या हातचं पाणी फोटोत घेऊन, तू कोण एवढंसुद्धा या माणसानं कधी विचारलं नाही. आणि त्या नंदनवनाचं पुढं काय झालं, ते कुणाच्या सांगण्यावरून झालं, याबद्दल भाषणात अवाक्षर नाही. टाळ्या पडल्या, हिरा. शोकसभेत टाळ्या पडल्या.

मी तिथं बोलले नाही ते बरंच झालं. लाऊडस्पीकरवरून त्यांच्याशी बोलण्यापेक्षा तुझ्याशी बोलावं.

आपला जिल्हा मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढचा उन्हाळा आठव. मी नुकतीच घाटंजीकडून इथं पांढरकवड्याला मुलींच्या शाळेत मास्तरीण म्हणून आले होते. कपाळ मोकळं, सोबत एक ट्रंक, आणि सासरच्यांनी बोलणं टाकलेलं. मोहल्ल्यातल्या बायका दारातून बघायच्या आणि आत जायच्या. तू मात्र घागरा सावरत सरळ माझ्या चुलीपाशी येऊन बसलीस आणि विचारलंस, "तुले एकटीले भेव नाई लागत का वं बाई?" मी लागतं म्हटलं. "मंग मी येत जातो," म्हणालीस. तुझा रामजी लारीवर. नागपूर ते हैद्राबाद, हैद्राबाद ते नागपूर. तूही एकटीच होतीस, पण भीती मला वाटते असं धरून तू येत राहिलीस.

त्याच वैशाखात ती कोलाम जमातीची बाई दवाखान्यात आली होती. केळापूरच्या पलीकडच्या रानातून, बैलगाडीत घालून आणलेली. डॉक्टर एकटेच, आत कुणाची तरी मोडलेली मांडी बांधत होते. ओसरी माणसांनी भरलेली. दवाखान्यासमोरच्या त्या एवढ्या मोठ्या मैदानात सावली म्हणशील तर त्या गाडीची, गाडीखालची. तिथं ती झोपली होती आणि कळा सुरू झाल्या. तू पाण्याला निघाली होतीस. घागर ठेवलीस, डोक्यावरची ओढणी सोडलीस, गाडीच्या चाकाला एक टोक बांधलंस आणि दुसरं हातात धरून उभी राहिलीस. भर मैदानात, उघड्या डोक्यानं. तुमच्या जातीत बाई अशी उभी राहत नाही, हे मला नंतर कळलं. पोरगी झाली. डॉक्टर रक्तानं भरलेले हात घेऊन धावत आले तेव्हा ती रडतही होती.

संध्याकाळी तू माझ्याकडे आलीस ती उन्हानं काळीनिळी होऊन. म्हणालीस, इथं झाडं लावायची.

मी शिकलेली. मी म्हटलं, अर्ज करू. मी सुवाच्य अक्षरात अर्ज लिहिला, तुझा अंगठा घेतला, बायकांच्या सह्या-अंगठे घेतले. समितीनं विचार करू म्हणून सांगितलं. तू दोन-चारदा मला विचारलंस अन् मग विचारायचं सोडून खणायची सब्बल घेऊन मैदानात गेलीस. मी रागावले तर म्हणालीस, "अर्जाची सावली पडते का वं?"

पहिल्या वर्षी काही म्हणता काही जगलं नाही. तुला आंबेच हवे होते. मी म्हटलं कडुनिंब लाव, करंज लाव, शेळ्या तोंड लावत नाहीत. तू म्हणालीस, दवाखान्यात आलेल्याला निंबोळ्या खायला देऊ का? आंबे लावलेस आणि शेळ्यांनी ते दिवाळीच्या आत संपवले. मी बोलून दाखवलं आणि तू दोन दिवस माझ्याकडे फिरकली नाहीस. तिसऱ्या दिवशी आलीस ती कडुनिंबाची रोपं घेऊनच. कुठून आणलीस ते सांगितलं नाहीस, मीही विचारलं नाही. माझ्या मनात मात्र मी जिंकले होते.

मग फातमाबी आली. तिच्या नवऱ्याचं शिवणयंत्र दवाखान्याच्या कोपऱ्यावरच असायचं. ती बुरख्यातून सगळं बघत होती. एक दिवस बोराटीच्या काट्यांचा भारा डोक्यावर घेऊन आली आणि म्हणाली, कुंपण असं करतात होय, शेळी हसेल. मग आणखी बायका आल्या. कुणाचा नवरा ओरडला, कुणाची सासू. विहिरीवरही कुरकुर झाली की बंजारीण झाडांसाठी पाणी उपसते, माणसांना पुरत नाही. तेव्हा रामजीनं तोड काढली. लारीवर पिंप ठेवलं, वाटेतल्या नाल्यावरून भरून आणायचा. त्याचं बघून बाकीचे ड्रायव्हरही आणू लागले. तेलंगी, पंजाबी, ज्यांची नावंही आपल्याला ठाऊक नव्हती असे लोक मैदानापाशी गाडी थांबवून पिंप रिकामं करायचे, आळ्यात पाणी सोडायचे आणि भोंगा वाजवून निघून जायचे. आपल्या गावच्या माणसांना जे सुचलं नाही ते या वाटेनं जाणाऱ्यांना सुचलं. मी शाळेत मुलींना हे सांगत असे. आता वाटतं, गावातल्या मोठ्यांनाच सांगायला हवं होतं.

तुझी झाडं जगली असं दिसू लागलं, आणि भाऊसाहेब आले.

आषाढात वनमहोत्सव. आपण खड्डा खणायचा, खत घालायचं, कुंपण करायचं. ते यायचे, फोटोवाला यायचा, एक रोप हातात घ्यायचे. माती ओढायलासुद्धा खाली बसत नसत, धोतराला लागेल म्हणून. दुसऱ्या वर्षीही तेच. एका वर्षी तर आपण आधीच लावलेलं, चांगलं कमरेएवढं झालेलं करंज त्यांनी नुसतं हातात धरलं आणि वर्तमानपत्रात आलं की भाऊसाहेबांच्या हस्ते वृक्षारोपण. मी कात्रण घेऊन तुझ्याकडे आले. ते तुझ्यापुढं आपटलं. तू हसत होतीस. "त्याईले फोटो पाहिजे, आपल्याले झाड पाहिजे. कायले भांडतं?" म्हणालीस.

इथूनच आपलं भांडण सुरू झालं, हिरा, आणि ते शेवटपर्यंत मिटलं नाही. माझं म्हणणं, आज तू फोटो देतेस, उद्या हे म्हणतील की झाडं आमची आहेत, आम्ही वाटेल ते करू. तुझं म्हणणं, झाडाला मालक नसतो. मी म्हणायची की तो तुझा भाबडेपणा आहे. तू म्हणायचीस की मी शाळेत छड्या मारून मारून अशी झाले. शेवटी दोघी हसायचो आणि आपापल्या घरी जायचो. पण माझा राग हसण्यावारी गेला नव्हता.

झाडं मोठी झाली. हे मी अशा सहज शब्दांत लिहिते आहे, पण त्या सावलीत बसलेली माणसं मला अजून दिसतात. खाटेवर आणलेली म्हातारी, कुशीत ताप आलेलं लेकरू, बैलानं शिंग मारलेला गडी. बाजाराच्या दिवशी तर बायका भाकरीचं फडकं तिथंच सोडत. उन्हाळ्यात डॉक्टर खुर्ची-टेबल निंबाखाली आणून तिथंच रोगी तपासत. तू तिथून जाताना कधी थांबलेलीही मी पाहिली नाही. फक्त चाल जरा हळू व्हायची.

आणि मग ते मोठे पाहुणे येणार असं ठरलं. पांढरकवड्यावरून त्यांची मोटार जाणार, त्यांनी इथं उतरावं, चार शब्द बोलावेत, अशी भाऊसाहेबांची खटपट. मंडप कुठं घालायचा? रस्त्याला लागून मोकळी जागा तीच. आणि ती मोकळी नव्हती. तिथं आपली झाडं होती.

सकाळी मी शाळेला निघाले तर कुऱ्हाडीचा आवाज आला. मी धावत पोचले तेव्हा रस्त्याकडची रांग आडवी झाली होती. तू एका कडुनिंबाला पाठ लावून उभी होतीस. दोन मजूर कुऱ्हाडी घेऊन बाजूला खाली मान घालून उभे होते. त्यांच्या बायकाही याच सावलीत बसल्या असतील कधीतरी. भाऊसाहेब समजुतीच्या आवाजात बोलत होते. देशाच्या कामाला अडथळा आणू नये, झाडं काय, पुन्हा लावता येतात, मी स्वतः लावीन.

तू विचारलंस, "तुमी लावसान. पानी कोन टाकन?"

ते हसले. माणूस रागावला तर त्याच्याशी भांडता येतं, हसला की काय करायचं! मी पुढं होऊन बोलू लागले तर समितीतल्या एकानं मला आठवण करून दिली की मी नोकरदार बाई आहे. मी तरी बोलले. पुष्कळ बोलले. तोवर माणसं जमली होती आणि एकही पुढं येत नव्हता. फातमाबी तेवढी आली, बुरखा मागे टाकून. आम्ही तिघी उभ्या होतो त्या झाडाला हात लावला नाही, आणि तेवढ्या वेळात त्यांनी बाकीची पाडली. आम्ही एका झाडाला तिघी होतो, हिरा. प्रत्येक झाडाला एक एक बाई असती तर! गाव केवढं आहे!

मंडपाच्या मागं अडगळीत दोनच झाडं राहिली. तो कडुनिंब आणि भिंतीकडचं करंज.

पाहुणे आलेच नाहीत. उशीर झाला म्हणून त्यांची मोटार थेट आदिलाबादकडे निघून गेली. कमानीखाली हार घेऊन उभ्या असलेल्या समितीच्या अंगावर धुरळा उडवून गेली. गाव हसलं. मला हसू आलं नाही. ओंडके कुणाकडे गेले ते सगळ्यांना माहीत आहे, त्यांच्या परसात अजून रचलेले आहेत.

मी म्हटलं, यवतमाळला जाऊ. कलेक्टरांकडे जाऊ, मी लिहिते, तू चल, डॉक्टर सांगतील. तू आली नाहीस. बुंध्यांच्या शेजारी नवे खड्डे खणत बसलीस. मी तुला भित्री म्हटलं. तू सब्बल खाली ठेवलीस आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्यावर आवाज चढवलास. "बाई, मी तांड्यातली. मी आफिसात गेली तं मले भाहेर बसवतेत. तुले खुर्ची देतेत. तू जाय. मी हे करून राह्यलो, मले हेच येते."

मी गेले. मला खुर्ची दिली, हे तुझं खरं होतं. चौकशी करू म्हणाले. ती चौकशी अजून चालूच असेल. पण मी आजही म्हणते की जायला हवं होतं, आणि तू सोबत यायला हवं होतंस. तुला बाहेर बसवलं असतं तर मी त्यावरूनही भांडले असते. तू गेलीस म्हणून मी माझं म्हणणं बदलणार नाही.

तू मात्र बदललीस. बोलणं कमी झालं. पुढचे दोन उन्हाळे तू त्या रोपांना पाणी घालत राहिलीस, पण पूर्वीसारखी गात घालत नव्हतीस. यंदाच्या वैशाखात ताप आला तेव्हा तू तो अंगावर काढलास. दवाखान्याच्या ओसरीवरच्या खाटेवर आणलं तेव्हा उशीर झाला होता. डॉक्टर बदलून आलेले, नवे, बिचारे रात्रंदिवस राबले. रामजी तिकडे हैद्राबादेत. तुझ्या कपाळावर मी ओली पट्टी ठेवत होते. मला खूप सांगायचं होतं. मोहल्ल्यातली सगळी दारं बंद असताना तू माझ्या चुलीपाशी येऊन बसलीस म्हणून मी या गावात टिकले, हे मी तुला एकदाही सांगितलेलं नाही. तोंड उघडलं तर तूच म्हणालीस, "करंजाले आज पानी नाई भेटलं." मी उठून पाणी घालून आले. परत आले तेव्हा तू डोळे मिटले होतेस, आणि दुसऱ्या दिवशी गेलीस. सांगायचं राहूनच गेलं.

आता शोकसभेनंतरचं ऐक.

सभेत भाऊसाहेबांनी जाहीर केलं की वृक्षमातेच्या झाडाखाली समिती स्मारक बांधणार. काल दुपारी शाळेतून येताना पाहिलं तर गवंडी काम आटोपून निघाला होता. आपल्या कडुनिंबाभोवती सिमेंटचा ओटा. बुंध्याला टेकवून, चारी बाजूंनी बंद, पाणी शिरायला बोटभर फट नाही. आत मुळांवर विटांचा खच. समोर संगमरवरी फरशी. त्यावर वरती लहान अक्षरात तुझं नाव, तेही हिरूबाई, आणि खाली ठळक अक्षरात कुणाच्या शुभहस्ते, ते.

तू ज्या झाडाला पाठ लावून उभी राहिलीस, ते यांना कुऱ्हाडीनं पाडता आलं नाही. आता तुझंच नाव घेऊन मारायला निघाले.

मी घरी गेलेच नाही. फातमाबीला हाक मारली. तिनं दोघींना सांगितलं, त्यांनी आणखी कुणाला. मी तुझ्या दारामागची तुझी सब्बल आणली. सिमेंट ओलं होतं. पहिला घाव मीच घातला आणि तो नेमका कोपऱ्यावर बसला. मग कुणी फावड्यानं, कुणी पहारीनं, कुणी हातानंच विटा काढू लागल्या. तुझ्या सासूच्या वयाची ती गोंडीण म्हातारी, जिच्याशी तुझं कधी जमलं नाही, तीही घमेलं घेऊन आली. दवाखान्यातले रोगी ओसरीवरून बघत होते. एक माणूस हाताला बांधलेलं असताना दुसऱ्या हातानं विटा बाजूला करू लागला.

भाऊसाहेब आले. या वेळी ते हसले नाहीत.

"मास्तरीणबाई, हे काय चाललंय? मयत बाईच्या स्मारकाचा अपमान?"

मी म्हटलं, "ज्यांनी हिराची झाडं तोडली त्यांनी हिराचं नाव कोरायचं नाही."

मोठ्यानं म्हटलं. मैदानभर माणसं होती, सगळ्यांनी ऐकलं. झाडं पडली तेव्हापासून सगळ्यांना ठाऊक असलेलं वाक्य, पण कुणी उघड्यावर म्हटलं नव्हतं. त्यांनी जमलेल्या माणसांकडे बघितलं. कुणी त्यांच्या बाजूनं बोललं नाही. माझ्या बाजूनंही कुणी बोललं नाही, हेही सांगते. पण मागं खणण्याचे आवाज थांबले नाहीत. मग ते गेले.

दिवेलागणीला रामजी लारी घेऊन आला. त्याला वाचता येत नाही. फरशीवर काय लिहिलंय ते वाचून दाखवा म्हणाला. मी जसंच्या तसं वाचलं, सगळं. त्यानं ऐकून घेतलं, फरशी एकट्यानं उचलली आणि लारीच्या मागच्या फळीवर टाकली. "वाटेत नाला हाय," एवढंच म्हणाला.

आज सकाळी मुळांवर ताजी माती ओढून आळं केलं. झाड वाचेल असं फातमाबी म्हणते. मला खात्री नाही. शाळेत हेडमास्तरांनी बोलावून सांगितलं की माझ्याविरुद्ध तक्रार गेली आहे, बदली होईल, कदाचित त्याहून वाईट. होऊ दे. मी घागर घेऊन तुझ्या नव्या रोपांकडे गेले. तिथं पाणी आधीच घातलेलं होतं, कुणी ते मला माहीत नाही.

तू असतीस तर म्हणाली असतीस, काहून एवढी भांडतं वं बाई, ओटा फोडायची काय गरज होती, हळूच चार विटा काढल्या असत्या. होती गरज. आपला हा वाद तू अर्ध्यावर टाकून गेलीस, हिरा, आणि तुझ्या बाजूनं बोलायला आता कुणी नाही. मी काही दोन्ही बाजू बोलायची नाही. मी माझीच बोलणार.